सातवा फर्मा

"बाई, इंग्रजांची भुतं इतकी सभ्य का असतात?"

प्रश्न बाहेर पडला भोंग्याच्या तोंडून, पण शिजला होता शाळेच्या पायऱ्यांवर. वकील आणि ढब्बू या दोन मैत्रिणींनी तिला पैजेवर चढवलं होतं. वकील म्हणजे कुठल्याही गोष्टीला फाटे फोडणारी, आणि ढब्बू म्हणजे त्या फाट्यांवर निवांत बसून खाऊ खाणारी. दोघींचं म्हणणं असं, की वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंना आजवर कुणी पुस्तक परत करायच्या तारखेखेरीज काहीही विचारलेलं नाही. भोंगा एवढी शूर झाली आहे, तर तिने विचारून दाखवावं.

शूर तर ती झाली होतीच. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी इतकी गप्प असायची की एकदा वर्गात हजर असून तिची गैरहजेरी लागली, आणि उगीच कशाला बोला म्हणून तिने ती तशीच राहू दिली. मग मागच्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात माइक बंद पडला. सूत्रसंचालन करणारी मुलगी रडकुंडीला आली, आणि पडद्यामागे खुर्च्या रचत असलेल्या या मुलीने तिथूनच पुढचं नाव असं काही पुकारलं की शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. त्या दिवसापासून ती भोंगा. आता नववीत होती, आणि आधीच्या तेरा वर्षांचा अनुशेष भरून काढत होती.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सभ्य म्हणजे?"

"म्हणजे बघा ना. एवढ्या खटाटोपाने मेल्यावर परत यायचं, आणि करायचं काय, तर जिन्यात उभं राहायचं. दार ठोठावायचं. फारच झालं तर पडदा हलवायचा. कुणाच्या मानगुटीवर बसणं नाही, गळा दाबणं नाही. आणि तरी लोक पांढरेफटक पडतात. मी असते तर म्हटलं असतं, या, बसा, पाणी देऊ का."

कपाटाआड कुणीतरी तोंडात रुमाल कोंबून हसलं. बाई हसल्या नाहीत. हसू ही संदर्भग्रंथासारखी बाहेर न न्यायची वस्तू आहे, असा त्यांचा समज असावा.

"किती वाचल्यास अशा गोष्टी?"

"अडीच."

"आणि उरलेली अर्धी?"

"सोडून दिली. पाच पानं झाली तरी कुणी मेलंच नाही."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. "शनिवारी चार वाजता इथे वाचनाचा तास असतो. वीसेक माणसं येतात. त्यातली सहा झोपतात, दोन घोरतात. या शनिवारी तू वाच. भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून. वाचताना एका जरी माणसाने मागे वळून पाहिलं, तर दर शनिवारचा तास तुझा."

"आणि नाही पाहिलं तर?"

"तर उरलेली अर्धी गोष्ट वाचायची. आणि तिच्या मागोमाग सगळ्या."

भोंग्याला असं काही मिळेल अशी अपेक्षाच नव्हती. दर शनिवारी एक तास, वीस माणसं, आणि बोलायचं फक्त तिने. दुसऱ्या कुणाला एवढा आनंद व्हायला लॉटरी लागावी लागते.

"पुस्तक कुठलं घेऊ?"

"जुन्या इंग्रजी भूतकथांचा तो जाडा अनुवाद. शोधायला नको. तो तुझ्या बाबांकडेच आहे."

होताच. बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला पुठ्ठे टेकवलेले, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, आणि सगळ्यावर सरसाचा वास, जो घरच्यांना येत नसे आणि पाहुण्यांना पहिला यायचा. वाचनालयाच्या जुन्या कपाटांतली तीनशे पुस्तकं नव्याने बांधायची होती. ती बाबांना द्यायची की चौकातल्या नव्या यंत्रवाल्याला, हे समिती ठरवणार होती. यंत्रवाला सहा मिनिटांत पुस्तक चिकटवून द्यायचा, आणि ते सहा महिन्यांत सुटायचं. पण पहिले सहा महिने ते दिसायचं छान. म्हणून समितीने दोघांना एकेक पुस्तक नमुन्यादाखल दिलं होतं. बाबांच्या वाट्याला भुतं आली होती.

"हे जमलं ना," बाबा गेले पंधरा दिवस म्हणत होते, "तर दोन वर्षं दुसरं काम शोधायला नको."

आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायची. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून ती घरी यायची, तेव्हा तिच्यात फार बोलायचं त्राण नसे. पण जेवढं बोलायची ते नेमकं लागायचं. ती एवढंच म्हणाली, "जमेल की. पुस्तकच आहे, जबडा थोडाच आहे."

भोंग्याने निवडलेली गोष्ट एका पियानोचे सूर जुळवणाऱ्याची होती. तो एका मोठ्या घरात दोन दिवसांसाठी येतो. घरात एकट्या बाई राहतात. दिवाणखान्याकडे जायच्या वाटेवर एक मेज, मेजावर राखाडी हातमोज्यांची जोडी. सकाळी तो जाताना मोजे चपटे पडलेले असतात. दुपारी परत येतो, तर बोटं जराशी भरल्यासारखी वाटतात. संध्याकाळी आणखी जराशी. बाई म्हणतात, "मेजावरचं काही हलवू नका हं," आणि चहा ओततात.

इथवर भोंग्याला जांभया येत होत्या. तिचा जीव अडकला होता तो पुढच्या भागात, सातव्या फर्म्यात. तिथे मोजे उठून येतात, धावपळ होते, दिवे विझतात, बाईंच्या मेलेल्या भावाचा सगळा इतिहास साडेचार पानांत सांगून होतो, आणि पियानोवाला एक किंकाळी फोडतो. त्या किंकाळीवर भोंग्याने चार दिवस मेहनत घेतली. जिन्यात घेतली, गच्चीवर घेतली, न्हाणीघरात घेतली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई वर येऊन विचारून गेल्या की कुणी भाजलंय का.

आता फर्मा म्हणजे काय, ते सांगायला हवं. पुस्तक काही एकेका पानाने शिवत नाहीत. मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा गठ्ठा होतो, तो फर्मा. असे फर्मे एकावर एक रचायचे आणि पाठीकडून शिवायचे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. संध्याकाळी बाबांचे डोळे थकायचे, म्हणून त्या घरात जुळणी बोलायची पद्धत होती. मुलगी फर्मा फळीवर ठेवायची आणि आकडा म्हणायची, बाबा दोऱ्याला मेण लावता लावता म्हणायचे, "आला." तिने म्हटलं की झालं. शिवताना आकडे पुन्हा तपासणं बाबांना प्रशस्त वाटायचं नाही. पोरीने बोललेलं परत बघायचं म्हणजे काय.

गुरुवारी संध्याकाळी, जुनी शिवण उसवून झाल्यावर, भुतांची जुळणी झाली.

"चार."

"आला."

"पाच."

"आला."

"सहा."

"आला."

"सात," भोंगा म्हणाली, आणि हे म्हणताना सातवा फर्मा तिच्या मांडीवर उघडा होता. किंकाळीच्या आधी श्वास कुठे घ्यायचा, तिथे ती नखाने खूण करत होती. हाताला रचायची सवय होती, तोंडाला बोलायची. त्या दिवशी तोंडाने आपलं काम केलं आणि हाताने नाही.

"आला," बाबा म्हणाले.

"आठ."

एवढ्यात खालून ढब्बूची हाक आली. उरलेले फर्मे भराभर बोलून, मांडीवरचा कागद हाताला लागेल त्या वहीत खुपसून भोंगा जिना उतरली. वही विज्ञानाची होती, त्यामुळे शनिवारपर्यंत ती उघडली जायचा धोका नव्हता. सुटी पानं वहीत ठेवली, हे ती जिन्याच्या वळणावरच विसरली. बाबांनी रात्रीपर्यंत पुस्तक शिवलं, शुक्रवारभर शिकंज्यात दाबलं आणि शनिवारी दुपारी काखेत घालून थेट वाचनालयात नेलं.

चार वाजता ऊन खिडकीतून टेबलाच्या मधोमध येऊन बसलं होतं. घाबरायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. पहिल्या रांगेत समितीचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी बाबा, इस्त्रीच्या शर्टात. वकील आणि ढब्बू किंकाळीची वाट बघत कडेला. मागे भिंतीशी एक निवृत्त पोस्टमन, ज्यांची झोप लागायची वेळ चार वाजून सात मिनिटं अशी ठरलेली होती. बाई आपल्या टेबलाशी. जुने नकाशे हाताळायला त्या पांढरे सुती हातमोजे वापरायच्या. ते त्यांच्यासमोर पडले होते.

भोंग्याने वाचायला सुरुवात केली. आवाज उत्तम. पोस्टमनकाका वेळेवर झोपले. मोजे चपटे होते, मग जरा भरले, मग आणखी जरा. पियानोवाला संध्याकाळी दिवा घेऊन वाटेवर आला, मेजापाशी थांबला, आणि त्याने काही विचार न करता उजवा हात पुढे केला.

शहाण्णवावं पान संपलं. भोंग्याने छाती भरून श्वास घेतला, पान उलटलं, आणि समोर एकशे तेरावं पान होतं.

तिने पान मागे केलं. पुढे केलं. कागद चिकटलाय का म्हणून बोटाने चाचपलं. मांडीवरचा फर्मा, नखाची खूण, ढब्बूची हाक, सगळं एका क्षणात ओळीने उभं राहिलं. पहिल्या रांगेत बाबा कौतुकाने बघत होते. त्यांना वाटत होतं, पोरगी काय झकास थांबली आहे.

लोक वाट बघत होते. गोष्ट सांगून टाकावी का? पण सोळा पानं पाठ कुणाला होती. पाठ होती फक्त किंकाळी, आणि नुसती किंकाळी फोडून चालणार नव्हतं. तेव्हा तिने समोर होतं ते वाचलं. आवाज निम्म्यावर आला होता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला तो डाव्या हाताने जेवला. बाईंनी त्याबद्दल काही विचारलं नाही."

कुणी खोकलं नाही.

"त्या म्हणाल्या, पियानो आता छान लागलाय. तो म्हणाला, हो. जाताना त्याने वाटेवरच्या मेजाकडे पाहिलं नाही. बाईंनी मात्र पाहिलं. मेजावर आता दोन जोड्या होत्या."

गोष्ट तिथे संपत होती. भोंग्याने पुस्तक मिटलं, कारण दुसरं काय करणार. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि वकील जागच्या जागी उडाली. पोस्टमनकाका टक्क जागे होते; ते कधी जागे झाले ते कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनी सावकाश मान वळवून पाठीमागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं, तरी त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. आणि ग्रंथपाल बाईंनी टेबलाचा खण उघडला, समोरचे पांढरे मोजे पट्टीच्या टोकाने आत ढकलले, आणि खण लावून घेतला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. हाताचं काय झालं असेल यावर तीन पक्ष पडले. अध्यक्षांचं म्हणणं होतं की हात उरलाच नसणार. ढब्बूचं म्हणणं होतं की हात आहे, पण तो आता त्याचा नाही. हे ऐकून अध्यक्षांनी स्वतःचे हात खिशात घातले. जाताना ते बाबांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "काय शिवण आहे हो. पुस्तक कसं सपाट उघडतं. काम तुमचंच समजा. सोमवारी पत्र देतो."

बाई भोंग्याजवळ आल्या. "तास तुझा. आणि कळलं का, ती सभ्य का असतात? पाहुणा घरात येऊन ओरडला, तर आपण त्याला हाकलतो. तो नुसता उभा राहिला, तर त्याला काय हवंय ते आपल्यालाच शोधत बसावं लागतं. तू नेमकी जागा ओळखून गाळलीस. मी हे पुस्तक वाचलंय त्याला तीस वर्षं झाली. मला वाटत होतं मध्ये बरंच काही आहे."

"हं," भोंगा म्हणाली. भोंगा हे नाव पडल्यापासून पहिल्यांदाच ती एका अक्षरावर थांबली, आणि बाई त्यालाही कौतुकाने हसल्या.

घरी येईपर्यंत बाबा शीळ घालत होते. आईला त्यांनी सगळी हकिगत दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी पोस्टमनकाका खुर्चीवरून पडले. भोंग्याने आत जाऊन विज्ञानाची वही उघडली. वनस्पतींच्या मुळांच्या आकृतीवर सातवा फर्मा शांत पडला होता, नखाच्या खुणेसकट.

तो घेऊन ती बाहेर आली आणि त्याच्यावरच बसली. समोर चहा होता. बाबा सांगत होते, शिकंजा नवा घ्यायचा, खिडकीपाशी मोठी फळी टाकायची. फर्मा काही करत नव्हता. नुसता होता. भोंगा या मांडीवरून त्या मांडीवर गेली.

आईने कप खाली ठेवला. "काय झालंय?"

"कुठे काय."

"तू अर्धा तास बोलली नाहीस. ताप आहे का?"

मग भोंग्याने फर्मा काढून टेबलावर ठेवला. बाबांनी आधी हसत पाहिलं, मग तळाचा आकडा पाहिला, मग चष्मा लावून परत पाहिला. शीळ केव्हाच थांबली होती.

"पण तू सात म्हणालीस," ते म्हणाले. ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"म्हणाले. रचला नाही. मांडीवर होता."

"आणि मी 'आला' म्हणालो." बाबांनी बोटांवरचा वाळलेला सरस खरवडला. "न बघता."

"तुम्ही कधीच बघत नाही. मी म्हटलंय म्हणून."

मग भोंग्यातला वकिली भाग जागा झाला. "पण बाबा, गोष्ट त्यामुळेच जमली. खरंच. या पानांत नुसती आरडाओरड आहे. ही नसलेलीच बरी. कुणाला कळलंसुद्धा नाही."

"लिहिणाऱ्याने लिहिलीत ना? बरी की वाईट ते तो बघेल, वाचणारा बघेल. आपण बांधणारे. आपल्याकडे आलं तेवढं परत गेलं पाहिजे." ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "असं करतो. सोमवारी सकाळी जातो. म्हणतो, पाठीचा सरस जरा ओला राहिलाय, दोन दिवस द्या. उसवायचं, घालायचं, शिवायचं. पत्र तर तोवर मिळेलच."

"आणि त्या बाई पुस्तक हातात घेऊन शोधायला बसल्या असतील तर?" आई म्हणाली. "तीस वर्षांपूर्वी मध्ये काय वाचलं होतं ते?"

"नसतील बसल्या."

"बरं. मग पुढच्या तीनशे पुस्तकांच्या वेळी दर फोनला दचकत बसा. आमच्याकडे एकाने दाढ चुकीची बसवली आणि गप्प राहिला. दाढ टिकली, हो. पण दोन वर्षं तो माणूस प्रयोगशाळेचं दार वाजलं की उठून उभा राहायचा."

बाबा खुर्चीवर बसले. "खरं सांगितलं तर काम त्या यंत्रवाल्याकडे जाईल. नमुन्याच्या पुस्तकात एक फर्मा नाही म्हटल्यावर कोण देईल? तुझा तासही जाईल बघ," ते मुलीला म्हणाले. "गाळणं तुझी हुशारी नव्हती म्हटल्यावर."

तासाचं भोंग्याने विचारात घेतलंच होतं. खरं तर वहीचं पान उघडल्यापासून ती दुसरं काही विचारात घेत नव्हती. वीस माणसं, दर शनिवार. बाई हसल्या होत्या. तिने फर्मा उचलला, टेबलावर आपटून त्याच्या कडा सरळ केल्या, आणि उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "सोमवारी शाळेआधी वाचनालयात मी जाणार. हा हातात धरून, पिशवीत घालून नाही. अध्यक्ष पत्र लिहायच्या आधी सांगणार, की शिवण बाबांची आहे आणि चूक जुळणीची आहे, आणि जुळणी मी बोलले होते. मग त्यांनी काम कुणाला द्यायचं ते देऊ देत. तासही मी परत करणार आहे. ती पैज मी जिंकलेली नाही. पुढच्या शनिवारी हीच गोष्ट परत वाचायची परवानगी मागणार, सगळी, एकही पान न गाळता. किंकाळीसुद्धा वाचणार, पण हळू आवाजात, आणि भावाची साडेचार पानंही. तेव्हा कुणी मागे वळलं, तरच तास घेणार. आणि बाबा, तुम्ही सोमवारी घरीच थांबा, सुई-दोरा तयार ठेवा. मी पुस्तक घेऊनच येणार आहे. बोलायला मी एकटी पुरेशी आहे."